दूरच्या कारभाराची कागदी शिस्त

अठराव्या शतकात पुण्याहून निघालेल्या कागदाला दिल्ली गाठायला तीन-चार आठवडे सहज लागत. पावसाळ्यात तापी-नर्मदा फुगल्या की आणखी खोळंबा. उत्तर हाती पडेपर्यंत दीड-दोन महिने गेलेच म्हणून समजावे. तरीही दिल्लीतले हिंगणे, निजामाच्या दरबारातले गोविंदराव काळे, उत्तरेतले शिंदे-होळकर आणि जागोजागचे मामलेदार अशी वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एकाच दरबाराचे काम करीत होती. हे कसे जमले असे विचारले, की नेहमीचे उत्तर जासूद आणि सांडणीस्वारांच्या वेगाकडे बोट दाखवते. त्या काळचे कागद वाचताना मात्र वेगाहून लिहिण्याची शिस्त अधिक डोळ्यांत भरते. कारभार तोलून धरला तो या शिस्तीने. तो जिथे ढासळला तिथेही दोष बहुतेक वेळा टपालाचा नव्हता. पत्रे पोहोचत होती, विश्वास पोहोचत नव्हता.

वकिलाने पेशव्यांना लिहिलेले एखादे पत्र घ्या. साष्टांग नमस्कारानंतर पहिलेच वाक्य येते ते असे, की येथील कुशल अमुक चंद्रतारखेपावेतो यथास्थित आहे. वरवर पाहता हा निव्वळ उपचार. पण पुढची सारी हकीकत कोणत्या दिवसापर्यंतची आहे, हे त्या एका वाक्याने पक्के होते. महिन्याभराने पत्र उघडणाऱ्याला नेमके तेच आधी कळायला हवे असते. मग आपले अमुक तारखेचे पत्र अमुक दिवशी पावले, अशी पोच. त्यापुढे आलेल्या पत्रातला मजकूर जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा उतरवलेला असतो आणि तो ‘म्हणोन लिहिले’ या शब्दांनी संपतो. ‘ऐशास’ म्हणून स्वतःचे उत्तर सुरू होते ते त्यानंतर. दुसरा मुद्दा आला की पुन्हा तोच क्रम. आजच्या वाचकाला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. पण तुम्ही काय विचारले, मला ते काय समजले आणि त्यावर माझे म्हणणे काय, या तिन्ही गोष्टी एका कागदावर आल्याने गैरसमज झालाच तर तो कुठे झाला हे लगेच सापडे. पत्र पोहोचले की त्यावर पैवस्तीचा, म्हणजे मिळाल्याच्या तारखेचा शेरा पडे. लिहिल्याची तारीख आणि पावल्याची तारीख एकाच कागदावर असली, की वाटेत किती दिवस मोडले आणि बातमी किती शिळी झाली, याचा हिशेब कारकुनालाही करता येई.

सगळा मजकूर एकाच कागदात कोंबायचा नाही, हीही रीत होती. मूळ पत्रात दरबारी भाषेतला मुख्य मजकूर आणि स्वतंत्र बाबींसाठी पुरवणी. अनेक बाबींवर निर्णय हवा असेल तर याद लिहायची, तिच्यात एकेक कलम सुटे करायचे, आणि हुजुरातून प्रत्येक कलमाखाली निर्णय उतरून यायचा. त्यामुळे दहांपैकी तीन कलमे अडली तरी उरलेली सात मार्गी लागत. जे कागदावर आणणे धोक्याचे किंवा नाजूक, त्यापुरते ‘मुखजबानी सांगतील’ एवढेच लिहून विश्वासाचा माणूस पाठवला जाई. कासीद बहुधा जोडीने निघत; एक आजारी पडला किंवा लुटला गेला तरी दुसरा पुढे जाई. आधीच्या पत्राचा उल्लेख पुढच्या पत्रात केला जाई, म्हणजे मधले एखादे गहाळ झाले तर ते ध्यानात यावे. शिवाय पुणेकर एकट्या वकिलावर विसंबून नसत. दरबारांची अखबारे, सरदारांची पत्रे आणि सावकारी पेढ्यांकडून येणाऱ्या बातम्या ताडून पाहिल्या जात. कोणते काम कागदाने करायचे, कोणते तोंडाने आणि कोणते दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचे, याचे हे ठरलेले वाटप होते.

यावर पहिला आक्षेप पानिपतचा. शिस्त कितीही असली तरी पत्रच पोहोचले नाही तर काय उपयोग? आक्षेप अर्धा खरा आहे. ऑक्टोबर 1760 च्या अखेरीस अब्दाली बागपतपाशी यमुना उतरला आणि मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांची फौज व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. त्यानंतर दक्षिणेचा रस्ता तुटला. तिथे कोणतीही लेखनपद्धती कामी आली नसती. पण रस्ता मोकळा होता तेव्हाचा पत्रव्यवहार पाहा. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात भाऊसाहेबांची उत्तरेतले मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांना गेलेली पत्रे आहेत. पैसा पाठवा, रसद पाठवा, शत्रूची रसद मारा, हा तगादा त्यांत पुन्हा पुन्हा येतो. पत्रे पोहोचत होती, उत्तरेही येत होती. पण भाऊंच्या डोळ्यांपुढे खर्चाचा डोंगर होता, तर गोविंदपंतांपुढे अब्दालीच्या येण्याने बिथरलेला, वसूल न देणारा मुलूख. एकाची निकड आणि दुसऱ्याची अडचण यांचा मेळ शेवटपर्यंत बसला नाही, आणि डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले. उलट 14 जानेवारी 1761 च्या पराभवाची बातमी दहाच दिवसांत, 24 जानेवारीच्या सुमारास, भिलशाच्या मुक्कामी नानासाहेब पेशव्यांना लागली, आणि ती एका सावकारी कासिदाकडच्या सांकेतिक पत्रातून कळली, असे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. वेगाची सोय त्या काळीही होती. ती सलोख्याची जागा भरून काढू शकली नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ही शिस्त एवढी चांगली, तर मराठे सरदार आणि कारभारी आपसांत इतके भांडले कसे? दिल्लीत अंताजी माणकेश्वर आणि हिंगणे एकाच धन्याचे चाकर असून एकमेकांविरुद्ध पुण्याला लिहीत राहिले. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांचे तर वर्षानुवर्षे पटले नाही. उत्तरेच्या मोहिमेत खर्च मिळकतीहून जास्त, असे महादजींचे रडगाणे. हिशेब दाखवा, असा नानांचा आग्रह. जुलै 1787 मध्ये लालसोटला महादजींची पीछेहाट झाली आणि त्यांनी पुण्याकडे कुमक मागितली. मागणी पुण्याला पोहोचायला आठवडे लागले असतील. पण ती कुमक घेऊन अलीबहादूर उत्तरेत पोहोचेपर्यंत 1788 साल सरत आले. तोवर गुलाम कादिराने बादशहा शाहआलमचे डोळे काढले होते आणि महादजींच्या माणसांनी दिल्ली परत हाती घेतली होती. मधले वर्ष कासिदांनी खाल्लेले नाही. ही फौज महादजींना बळ देईल की त्यांच्यावर नजर ठेवील, या संशयात ते गेले. पत्रांची रीत भांडण मिटवते, असा दावा इथे नाहीच. ती भांडण उघडे आणि नेमके करते. मिटवायला समोरासमोर यावे लागते. महादजी जून 1792 मध्ये पुण्यात आले ते पेशव्यांना बादशाही वस्त्रे देण्यासाठी खरेच, पण दशकभर कागदावर न सुटलेला हिशेबाचा आणि अधिकाराचा प्रश्न तोंडावर मांडण्यासाठीही. ‘मुखजबानी’ची वेगळी जागा राखणाऱ्या पद्धतीला आपली मर्यादा ठाऊक होती, याचा हा मोठा दाखला आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकाचा. आपल्यापुढे आहेत ती जपलेली पत्रे; नीट लिहिणाऱ्यांची टिकली, गबाळ्यांची गेली, आणि सरदेसाईंनी 1930 ते 1934 या काळात काढलेले पेशवे दफ्तराचे 45 भाग तर निवडलेलेच आहेत. हे मान्य करावे लागते. पण टिकलेल्या कागदांत तक्रारी, दटावणी, उशिराची कारणे, उत्तर का पाठवले नाही याचे जाब भरपूर आहेत. कोणी हे दफ्तर सोज्वळ करून ठेवलेले नाही. शिवाय एक पुरावा या निवडीच्या बाहेरचा आहे. 1818 नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी पुण्याच्या हुजूर दफ्तराची पाहणी केली, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीपूर्वीचे कागद शिस्तीत आणि त्याच्या अमदानीतले विस्कळित, अपुरे आढळले. दफ्तर बिघडले म्हणून राज्य गेले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मात्र दूरच्या माणसांवर चालणाऱ्या राज्यात वरचा धनी कागदाविषयी बेफिकीर झाला, की खालचा प्रत्येकजण आपापल्या सोयीने वागू लागतो, एवढे त्यातून दिसते.

या पत्रांत एक उणीवही आहे आणि ती बोलकी आहे. बहुतेक पत्रांवर चंद्राची तारीख आणि महिना असतो, साल नसते. लिहिणारा आणि वाचणारा दोघे एकाच घडामोडीत गुंतलेले असल्याने साल सांगायची गरज पडत नसे. त्यापायी राजवाडे, खरे, सरदेसाई यांना एकेका पत्राचे साल ठरवायला खटपट करावी लागली. परस्परांना जे गृहीत ते तिसऱ्याला कळत नाही, हा दूरच्या कामातला कायमचा सापळा आहे. हिंजवडीतला अभियंता आणि सिएटलमधला त्याचा सहकारी आज क्षणात निरोप पाठवतात, तेव्हाही तोच सापळा असतो. ‘कालचे ते काम झाले का’ या प्रश्नातले ‘ते’ नव्या माणसाला उमगत नाही. महिन्याचा विलंब होता म्हणून आपल्या पूर्वजांना पोच द्यावी लागली, विचारलेले पुन्हा लिहावे लागले, कलमे सुटी करावी लागली. विलंब गेला आणि त्याच्याबरोबर या सवयीही अनावश्यक म्हणून टाकल्या गेल्या. त्या मात्र विलंबावरचा उपाय म्हणून जन्मल्या असल्या तरी उपयोगी पडत होत्या त्या अंतरावर, आणि एकमेकांच्या नजरेआड काम करणाऱ्या माणसांमधले अंतर निरोपाच्या वेगाने कमी होत नाही.