तक्क्याची कुळकथा

बैठकीत पाठीशी ठेवतात तो लोड म्हणजे तक्क्या, हे कुठल्याही मराठी घरात ठाऊक असतं. पण देशावरच्या जुन्या महारवाड्यात वाढलेल्या माणसाशी बोलताना हा शब्द आला, तर त्याच्या डोळ्यांसमोर लोड येत नाही, एक खोली येते. चार-पाच खणांची, मातीच्या भिंतींची, वर माळवद, पुढे दगडी ओटा. भिंतीत एक देवळी, देवळीत कंदील आणि त्याच्या वर छतापर्यंत गेलेला काजळीचा पट्टा. कोपऱ्यात टाळ, एकतारी आणि लग्नकार्याला लागणारी वाड्याची मोठी भांडी. कुठे या जागेला नुसतं चावडी म्हणत, पण गावची चावडी वेगळी. ती गावाची होती आणि तिथे महाराला पायरीच्या खाली उभं राहावं लागे. ओट्यावर चढून बसता येईल अशी त्याची जागा एकच होती, ती म्हणजे तक्क्या.

शब्द फारसीतला. 'तकिया' म्हणजे टेकायची वस्तू, आधार. मग जिथे टेकायचं ती जागाही तकियाच झाली. फकीर जिथे मुक्काम करतो, आल्यागेल्याला जिथे पथारी पसरता येते, ती जागा. मराठवाड्यातल्या धाराशिवचंच घ्या. हा मुलूख शतकानुशतकं बहामनी, निजामशाही, आदिलशाही आणि पुढे हैदराबादच्या अमलाखाली राहिला. धाराशिव शहरात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा दर्गा आहे, परंड्याला किल्ला आहे. इथल्या बोलीत फारसी शब्द पाहुण्यासारखे आले आणि घरचे होऊन राहिले. फकिराच्या मुक्कामाचा शब्द महारवाड्याच्या मुक्कामाच्या जागेला चिकटला, यात नवल नाही. परगावचा सोयरा, वाटसरू, साधू असा जो गावात कुठेच उतरू शकत नसे, तो तक्क्यात उतरे.

त्याच वाटेने आलेला आणखी एक शब्द म्हणजे वतन. मूळ अरबी, फारसीच्या हाताने मराठीत आला. पाटलाच्या तोंडी तो मानाचा होता, महाराच्या गळ्यात मात्र दावं झाला. येसकरकी, तराळकी, सरकारी सांगावे पोचवणं, अंमलदाराचं ओझं वाहणं, मेलेलं जनावर ओढणं ही कामं रात्री-अपरात्री, हाक येईल तेव्हा करायची. मोबदला म्हणजे पिढ्यापिढ्यांत वाटून तुकडे झालेली इनाम जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. त्यात घरातला कर्ता जागेवर नसला, तर त्याच्या बदली घरातल्या दुसऱ्याला पकडून कामाला लावत. येसकरकीची पाळी कोणाची, बलुत्यात वाटा कोणाचा, याचे निवाडे तक्क्यातच होत. म्हणजे सुरुवातीला तक्क्या ही वतनाची व्यवस्था चालवणारीच जागा होती. पुढे याच जागेतून वतन मोडायची भाषा सुरू झाली.

हे घडलं ते वाचनाने. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला, 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत', 1930 मध्ये 'जनता'. गावात एखादाच अक्षरओळख असलेला. पेपर यायचा जुना, हातोहाती मळलेला. तो अक्षरओळखीचा माणूस कंदिलाजवळ सरकून मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. एका अंकाला किती वाचक, हे खपाच्या आकड्यावरून कधीच कळणार नाही. हे वाचन गावच्या हॉटेलात होणं शक्य नव्हतं. तिथे महाराची कपबशी वेगळी, बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली. चहा बाहेरच प्यायचा आणि कपबशी आपणच विसळून परत ठेवायची. देवळाचं दार बंद, चावडीची पायरी बंद, हॉटेलचं बाकडं बंद. मग राजकारण बोलायला उरतो तो तक्क्याच.

बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. 16 डिसेंबर 1939 ला नगर जिल्ह्यात हरेगावला वतनदारांची परिषद झाली. आणि 22 व 23 फेब्रुवारी 1941 ला, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला बाबासाहेब स्वतः आले. परिषदेचं नाव होतं महार-मांग वतनदार परिषद. हे जोडनाव नीट वाचायला हवं. एकाच गावकुसाबाहेर राहून एकमेकांच्या हातचं पाणी न घेणाऱ्या दोन वाड्यांना वतनाच्या प्रश्नावर एका मांडवात बसवणं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. बार्शी लाईटच्या अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी तडवळ्यावरूनच लातूरकडे जाई. कळंब रोड हे स्टेशन तिथलंच. पण सगळ्यांकडे तिकिटाचे पैसे कुठले? अशा परिषदांना माणसं भाकरी बांधून चालत निघत, बैलगाड्या जुंपत. वर्गणी किती, गाडी कोणाची, घरी गुरांजवळ कोण थांबणार, हे ठरायचं ते आपापल्या वाड्यात, तक्क्याच्या ओट्यावर.

त्याच 1941 साली, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये डूकी चेज नावाचं एक कोपऱ्यावरचं खाण्यापिण्याचं दुकान सुरू झालं. काळ्यांच्या वस्तीतलं, काळ्या कुटुंबाचं. गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्यांना बसायला जागा नव्हती, आणि दोघांनी एका टेबलाशी जेवणं तिथल्या कायद्याला मंजूर नव्हतं. पुढे 1960 च्या दशकात याच दुकानाच्या माडीवर नागरी हक्क चळवळीचे काळे-गोरे कार्यकर्ते एकत्र बसत, लिआ चेज यांच्या हातचा गम्बो खात आणि उद्याचा मोर्चा कुठून काढायचा ते ठरवत. महारवाड्यातल्या माणसाला हे दुकान माहीत असायचं कारण नाही. पण ज्या माणसाला चारी बाजूंची दारं बंद असतात, तो आपल्या चार भिंतींतच लोकसभा भरवतो, हे दोन्हीकडे सारखंच घडलं. बाबासाहेबांना हे नातं दिसत होतं. 1946 मध्ये त्यांनी अमेरिकन काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं आणि ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं होतं. 1972 मध्ये मुंबईच्या तरुणांनी संघटना काढली, तेव्हा ब्लॅक पँथरवरून तिचं नाव दलित पँथर ठेवलं.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि गावोगावच्या तक्क्यांचं रूप पालटलं. तक्क्यातला देव निघाला, तिथे बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो आला. एकतारीवरच्या जुन्या भजनांच्या जागी भीमगीतं आली. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं संपली आणि येसकराच्या पाळीचा निवाडा करायचं कारणच उरलं नाही. माळवद उतरवून स्लॅब पडला. कुठे पाटी लागली समाजमंदिराची, कुठे बुद्धविहाराची. काम मात्र तेच राहिलं. 1964 चा भूमिहीनांचा सत्याग्रह, मराठवाड्यातला गायरानाचा लढा, 1978 च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंतची मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या लढ्याची सोळा वर्षं, या सगळ्यांत वाड्याने निरोप ऐकला तो याच जागेत. त्या काळात गावं पेटली, घरं जळली, तेव्हा रात्र जागायला माणसं जमली तीही इथेच.

आज वर्षावासात संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. आता ऐकणाऱ्या बहुतेकांना वाचता येतं, तरी मोठ्याने वाचायची रीत सुटलेली नाही. ही रीत कंदिलाजवळ बसून 'मूकनायक' वाचणाऱ्यापासून आलेली आहे, असं मी मनापासून मानतो. पाटीवरून तक्क्या हा शब्द गेला, तरुणांच्या तोंडूनही जातो आहे. त्या नावाशी अपमानाच्या आठवणी जोडलेल्या आहेत, म्हणून तो गेला तर त्याची तक्रार नाही. पण वाड्यातल्या एखाद्या आजीला विहाराच्या ओट्यावर बसवून विचारावं, की जुनी देवळी कुठे होती, पेपर कोण वाचायचं, परिषदेला भाकरी कोणी बांधून दिल्या. आजीच्या उत्तरात जी नावं येतील, ती कुठल्याही दप्तरात लिहिलेली नाहीत. ती वहीत उतरवून ठेवावीत आणि ती वही विहारातच ठेवावी.