पिवळा दिवा कोणासाठी? ‘चेक इंजिन’ची जन्मकथा

१/ सेकंडहँड छोटी गाडी पाहायला गेले की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘तो पिवळा दिवा असाच लागतो, गाडी मस्त चालते.’ वाक्याचा उत्तरार्ध पुष्कळदा खराही असतो. दिवा लागलेला आणि गाडी सुरळीत, हे कसे? या कोड्याचे उत्तर १९४३ सालच्या एका शहराच्या हवेत आहे. #थ्रेड

२/ आरंभी डॅशबोर्डवर काटे असत : ऑइलच्या दाबाचा, विद्युतप्रवाहाचा, पाण्याच्या तापमानाचा. १९३०च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने काही काट्यांच्या जागी दिवे बसवले. जाणत्या चालकांनी पुढे त्यांना ‘मूर्खांचे दिवे’ म्हणून हिणवले. काटा हळूहळू घसरताना दिसतो. दिवा मात्र एकदम पेटतो.

३/ ऑइलचा लाल दिवा याच घराण्यातला. तो पेटला म्हणजे ऑइलचा दाब पडला. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा पातळ थर तुटला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. येथे एकच नियम : गाडी बाजूला घ्या, इंजिन तत्काळ बंद करा.

४/ पिवळ्या दिव्याचे कूळ निराळे. जुलै १९४३, लॉस एंजेलिस. शहरावर तपकिरी धुके उतरले, डोळे चुरचुरू लागले. महायुद्धाचे दिवस, शत्रूने विषारी वायू सोडला, अशी शंका आली. मग कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या कारखान्यावर ठपका आला. तो बंद ठेवला, तरी धुके येतच राहिले.

५/ खरा अपराधी शोधला आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. कॅलटेकमध्ये ते अननसाच्या स्वादाचे पृथक्करण करीत होते. तीच पद्धत त्यांनी शहराच्या हवेला लावली. १९५०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी दाखवून दिले, की मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की हे धुके जन्मते.

६/ १९६७मध्ये कॅलिफोर्नियात वायुसंसाधन मंडळ स्थापन झाले. हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष. १९७०चा शुद्ध हवेचा कायदा आला आणि १९७५च्या मॉडेलपासून अमेरिकेतील बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिसे त्याला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आले.

७/ मग नवा प्रश्न उभा राहिला. नवी गाडी स्वच्छ. पण पाच वर्षांनी तिचा ऑक्सिजन सेन्सर बिघडला, तर चालकाला कळणार कसे? गाडी तर चालतच असते! म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून गाडीनेच स्वतःची तपासणी करून दिवा लावावा, असे बंधन घातले. हीच ओबीडी. १९९६पासून तिचा दुसरा टप्पा साऱ्या अमेरिकेत लागू झाला : सोळा पिनांचे एकच सॉकेट, बिघाडांचे समान कोड.

८/ म्हणजे हा दिवा मुळात शहराच्या फुप्फुसांसाठी आहे. कन्व्हर्टरच्या आधी एक सेन्सर, नंतर दुसरा. दोघांचे संकेत सारखेच हेलकावू लागले, की कन्व्हर्टर थकला : कोड पी०४२०. पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर : पी०३०१. त्यामागे बहुधा झिजलेला स्पार्क प्लग, कॉइल किंवा इंजेक्टर.

९/ दिवा स्थिर असेल, तर लवकर तपासून घ्या. लुकलुकत असेल, तर थांबा. तीव्र मिसफायरमध्ये न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची आतली जाळी वितळवते. काहीशे रुपयांच्या प्लगचे दुखणे मग हजारोंच्या घरात जाते.

१०/ भारतात हा प्रवास न्यायालयातून झाला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी वेग दिला. एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २०००मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१०पासून, दुसरा एप्रिल २०१३पासून. जुनी गाडी घेताना निर्मितीचे वर्ष म्हणूनच पाहावे : दिव्यामागची नजर किती तीक्ष्ण, ते त्यावर ठरते.

११/ चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. इंजिनचा पिवळा दिवा पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर तो काढलेला वा झाकलेला असू शकतो. मग स्कॅनर लावा. कोड नाहीत, पण बऱ्याच स्वयंचाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसले असण्याचा किंवा बॅटरीची तार काढली असण्याचा संशय घ्यावा. गाडी काही दिवस चालवून पुन्हा तपासल्याशिवाय इसार देऊ नये.

१२/ ‘दिवा असाच लागतो’ असे पुन्हा कोणी म्हटले, तर लॉस एंजेलिसचे ते धुके आठवा. गाडी मस्त चालत असतानाही जे बिघडलेले असते, ते सांगण्यासाठीच तर हा दिवा जन्माला आला.