पालकाचं नाव, परळचं मूळ

कर्कपेशीतली डीएनएची नक्कल आणि डीएनएवर बसणारी मिथिलची खूण ही दोन प्रकरणं वेगवेगळी शिकवली जातात. त्यांचं कूळ एकच आहे आणि त्याचा एक धागा परळला पोचतो, असं माझं म्हणणं आहे. 1928 मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा रक्तक्षय होई. त्याचा छडा त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत लावायला घेतला. गुण आला तो मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या स्वस्त काळ्या अर्काने. 1931 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. हे ब-12 जीवनसत्त्वाचंच काम असेल, अशी शंका येते. पण ब-12 ज्यात असतं त्या शुद्ध केलेल्या यकृत-अर्काने या बायका बऱ्या होत नव्हत्या. मार्माइटने आणि कच्च्या यकृत-अर्काने होत होत्या. म्हणजे द्रव्य निराळंच होतं. पुढे 1941 मध्ये अमेरिकेत ते पालकाच्या पानांतून काढलं गेलं आणि पानाला लॅटिनमध्ये ‘फोलियम’ म्हणतात म्हणून ‘फोलिक’ ठरलं. नाव पालकाचं लागलं. माझ्या मते मान परळचा आहे.

हे फोलिक आम्ल, म्हणजेच फोलेट, हा एकेका कार्बनची ने-आण करणारा हमाल. त्याचं ओझं दोन ठिकाणी उतरतं. एकीकडे थायमिन घडतं, ज्याच्याविना डीएनएची नक्कल अडते. दुसरीकडे तोच कार्बन मेथिओनिनमार्गे मिथिल होऊन डीएनएतल्या सायटोसिनवर बसतो आणि जनुकं गप्प ठेवायला मदत करतो. नकलेत निघालेला नवा धागा कोरा असतो. डीएनएमटी1 हे विकर मागोमाग फिरून जुन्या धाग्यावरच्या खुणा त्यावर उतरवतं. कर्कपेशींत या खुणा एकूणात विरळ होतात, हे 1983 पासून ठाऊक आहे. भरमसाट विभाजनात कार्बन नकलेकडे ओढला जातो आणि खुणा उपाशी राहतात, हा माझा कयास. त्यावरचा आक्षेप वजनदार आहे: ज्या भागांची नक्कल सर्वांत शेवटी होते तिथेच खुणा जास्त पुसल्या जातात, तेव्हा टंचाई कार्बनची नसून वेळेची असावी. वेळ हे मुख्य कारण, हे मी मान्य करतो. पण कोठार रितं असेल तर शेवटी येणाऱ्याच्याच वाट्याला काही उरत नाही. गाठ रोखणाऱ्या काही जनुकांच्या तोंडाशी मात्र खुणा उलट दाटतात. त्याला माझ्या कयासात उत्तर नाही.

फोलेटचा तोतया पेशीत घुसवून नक्कल अडवता येते, हे 1948 मध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांवर अमिनोप्टेरिन वापरून दाखवलं. ते औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने घडवलं होतं. मेथोट्रेक्सेट हे त्याचंच भावंड. हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर, परळच्याच टाटा रुग्णालयात, तोंड-घशाच्या बळावलेल्या कर्करोगावर मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब यांच्या स्वस्त गोळ्या शिरेतून देण्याच्या सिसप्लॅटिन या औषधासमोर पारखल्या गेल्या. 2020 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: गोळ्या कमी पडल्या नाहीत.