तार कोठून जाणार आहे?

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, श्रीपेरुंबुदूरजवळ, ओरगडम हे गाव आहे. आज त्याचे नाव मोटारींशी जोडले गेले आहे. २०१० मध्ये येथे रेनो-निसानचा, २०१२ मध्ये डाइमलरच्या ट्रकांचा आणि २०१३ मध्ये रॉयल एनफिल्डचा कारखाना सुरू झाला. केंद्र सरकारच्या प्रकल्पातून उभे राहिलेले ‘ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटर’ही येथेच आहे. त्या केंद्रातील एका प्रयोगशाळेत वाहनांची विद्युतचुंबकीय सुसंगतता तपासली जाते. वाहनावर मुद्दाम रेडिओलहरींचा मारा करायचा आणि आतील तारांमधून धावणारे संदेश त्या गोंगाटातही शाबूत राहतात का, हे पाहायचे, असे त्या परीक्षेचे स्वरूप असते. ब्रेकचा संदेश बिघडला तर त्याची किंमत माणूस मोजतो.

संदेशवाहक तार निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, सर्वांत वेगवान कोणती? गेल्या पावणेदोनशे वर्षांचा अनुभव मात्र दुसराच प्रश्न आधी विचारायला लावतो. ती तार कोठून जाणार आहे, किती लांब जाणार आहे आणि वाटेत तिचा शेजार कसा आहे?

भारतात हा प्रश्न प्रथम नीट विचारला तो विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टराने. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील या प्राध्यापकाने १८३९ मध्ये तेथील वनस्पती उद्यानाच्या परिसरात बांबूंवर लोखंडी तार ताणून विद्युतसंदेशाचे प्रयोग केले. पुढे कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग त्याच्याकडे आला तेव्हा युरोपातील नाजूक तारांची नक्कल त्याने केली नाही. सुमारे साडेनऊ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे जवळजवळ बोटाएवढे जाड लोखंडी गज त्याने वापरले. लोखंड विद्युतप्रवाहाला तांब्याच्या साधारण सहापट रोध करते. ती उणीव त्याने जाडीने भरून काढली. शिवाय माकडे लोंबकळोत, पक्ष्यांचे थवे बसोत की वादळ येवो, गज तुटत नसे. जिथे जमिनीखालून जाणे भाग होते, तिथे डांबर-वाळूच्या मिश्रणाचे वेष्टन दिले. १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडले गेले होते. लंडनच्या तज्ज्ञांना ओबडधोबड वाटावी अशी ही तार या देशाच्या हवेला आणि माकडांना पुरून उरली.

समुद्राखाली मात्र जाडजूड लोखंडाचे हे शहाणपण चालणार नव्हते. तेथे तारेभोवती गटापार्चा या मलायी झाडाच्या चिकाचे वेष्टन असे आणि त्यापलीकडे खारे पाणी. आत तांबे, मध्ये निरोधक, बाहेर पाणी, असा हा एक लांबच लांब विद्युतधारित्र झाला. टोकाला दिलेला विद्युतस्पंद आधी हे धारित्र भरण्यात खर्ची पडतो आणि पलीकडे पसरट होऊन उगवतो. विल्यम थॉमसन यांनी गणिताने दाखवले की हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार दुप्पट लांब केली की विलंब चौपट. उपायही त्यांनी सांगितला : तांबे जाड घ्या, वेष्टन जाड करा. १८५८ च्या अटलांटिक तारेवर मुख्य विद्युततज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या वाइल्डमन व्हाइटहाउस यांना ते मान्य नव्हते. त्या तारेत दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबे होते. व्हिक्टोरिया राणीचा शंभर शब्दांच्या आतबाहेरचा संदेश पलीकडे पोहोचायला सोळा तास लागले. संदेश क्षीण होत गेले तेव्हा व्हाइटहाउस यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब लावून पाहिला. निरोधनात आधीच दोष असलेली ती तार सुमारे तीन आठवड्यांत कायमची गप्प झाली. १८६६ च्या यशस्वी तारेत तांबे ३०० पौंड होते. तार अंथरणारे ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाज १८७० मध्ये मुंबईला आले आणि तेथून एडनपर्यंत तार टाकत गेले. १८७१ पर्यंत मद्रासही समुद्रमार्गे पिनांग व सिंगापूरला जोडले गेले. चेन्नई आजही सागरी केबलींचे बंदर आहे, त्याचे मूळ तेथवर जाते.

जमिनीवर तोवर वेगळाच शत्रू उभा राहिला होता. टेलिफोनच्या तारा शेजारच्या तारांतले बोलणे आणि विजेच्या यंत्रांची खरखर उचलत. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये एका अगदी साध्या युक्तीचे पेटंट घेतले. जायची आणि यायची तार एकमेकींभोवती पिळायची. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच आदळतो. ग्राहक यंत्र दोन तारांमधला फरक तेवढा मोजते, त्यामुळे गोंगाट वजा होतो आणि संदेश उरतो. ही पीळदार जोडी आज जगातल्या बहुतेक कार्यालयांच्या भिंतींत दडलेली आहे. एवढ्या साध्या कल्पनेला एवढे दीर्घ आयुष्य विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच लाभले असेल.

संगणकांच्या जाळ्याने मात्र सुरुवातीला तिला बाजूला सारले. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी घडवलेले इथरनेट जाड कोॲक्सियल केबलवर सेकंदाला सुमारे ३० लाख बिट या वेगाने धावत असे. जाड केबल ५०० मीटर चाले, नंतरची बारीक केबल १८५ मीटर. पण सगळे संगणक एकाच केबलवर लटकलेले असल्याने एक जोड सैल झाला की अख्खी कचेरी ठप्प होई आणि दोष शोधण्यात दिवस जाई. १९९० मध्ये पीळदार जोडीवरील इथरनेटचे मानक आले. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार, कमाल लांबी १०० मीटर. वेग बदलले, ती मर्यादा टिकली. कॅट ५ची तार १०० मेगाहर्ट्झपर्यंत, कॅट ६ची २५० आणि कॅट ६एची ५०० मेगाहर्ट्झपर्यंत पारखलेली असते. सेकंदाला १० अब्ज बिट हवे असतील तर कॅट ६ साधारण ५५ मीटरवर थांबते, ६ए पूर्ण १०० मीटर जाते. घरातल्या १५ मीटरसाठी ६एचा आग्रह म्हणूनच बहुधा वायफळ ठरतो.

बाजारातील एक फसगत मात्र विद्यार्थ्यांनी ओळखून ठेवावी. स्वस्त केबलींत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक. नुसती माहिती धावत असेपर्यंत ही उणीव जाणवत नाही. पण आता त्याच तारेतून कॅमेऱ्यांना वीजही पुरवली जाते. २००३ च्या मानकात ती १५.४ वॉट होती, २०१८ च्या मानकात ९० वॉटपर्यंत गेली. रोध अधिक, तितकी उष्णता अधिक, आणि तारांचा जुडगा छताच्या पोकळीत कोंडलेला असतो.

शंभर मीटरपलीकडचा प्रांत काचेचा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाशाचा क्षय दर किलोमीटरला २० डेसिबलखाली आणता येईल. १९७० मध्ये कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी ते साधले. भारतात या तंत्राचे पहिले पाऊल पुण्यात पडले. शहरातल्या दूरध्वनी केंद्रांना जोडणारी देशातील पहिली प्रकाशतंतू यंत्रणा तेथे १९७९ मध्ये सुरू झाली. केंद्रापासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर मात्र महागड्या तांब्याकडेच राहिले. त्यावर मात करण्यासाठी मद्रासच्या आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने नव्वदच्या दशकात ‘कॉरडेक्ट’ ही बिनतारी यंत्रणा घडवली. योग्य तार निवडण्यात तार न निवडणेही येते! आजच्या उत्तम तंतूत तो क्षय दर किलोमीटरला ०.२ डेसिबलवर आला आहे. १० ऑगस्ट २०२० रोजी कार्यान्वित झालेली चेन्नई–अंदमान सागरी केबल सुमारे २,३०० किलोमीटरची आहे. त्याआधी पोर्ट ब्लेअरचे रुग्णालय असो की महाविद्यालय, मुख्य भूमीशी त्यांचा दुवा उपग्रहाचा होता, म्हणजे अपुरा आणि खर्चिक.

ओरगडमसारख्या औद्योगिक पट्ट्यात ही सारी घराणी एकत्र नांदताना दिसतात. दोन इमारतींमध्ये काचतंतू घालणे शहाणपणाचे, आणि त्याचे कारण नुसते अंतर नाही. वीज कोसळली की दोन इमारतींच्या भूविभवात मोठा फरक पडू शकतो. तांब्याची तार असेल तर तो तिच्यातून यंत्रांपर्यंत धावतो, काचेतून धावत नाही. वेल्डिंग चालते त्या दालनात धातूची जाळी गुंडाळलेली पीळदार तार लागते, आणि जाळी नीट भूसंपर्कित नसेल तर तिचा उपयोग थोडा, उपद्रव जास्त. कचेरीत साधी कॅट ६ पुरते.

आणि वाहनाच्या आत? बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेले ‘कॅन’ जाळे आजही तेथे कामाला आहे : एक पीळदार जोडी, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध, वेग सेकंदाला जेमतेम १० लाख बिट आणि त्या वेगाने पल्ला सुमारे ४० मीटर. घरच्या इंटरनेटच्या मानाने हा वेग हास्यास्पद वाटेल, पण ब्रेकचा संदेश काही बाइटांचाच असतो; त्याला घाई असते, गर्दी नसते. कॅमेरे आणि रडार आल्यावर गर्दीही आली. त्यासाठी २०१५ मध्ये एकाच पीळदार जोडीवर सेकंदाला १० कोटी बिट नेणारे इथरनेट मानक झाले, पल्ला १५ मीटर. कचेरीतल्या केबलीत चार जोड्या असतात. मोटारीत एकच, कारण तेथे तांब्याचा प्रत्येक ग्रॅम इंधन खातो.