केविन : आपल्या घरांत रुळलेले एक आयरिश नाव

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांत 'केविन' हे नाव आता परके वाटत नाही. तरीही बाप्तिस्म्याच्या वेळी 'हे संताचे नाव आहे का?' असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. त्याचे उत्तर 'होय' असे आहे. या नावामागील संताची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

संत केविन

संत केविन हे सहाव्या शतकातील आयरिश मठाधिपती होत. त्यांच्या मूळ आयरिश नावाचा अर्थ 'सौम्य, सुंदर जन्माचा' असा होतो. विकलो परगण्यातील ग्लेंडालॉख, म्हणजे 'दोन तळ्यांची दरी', येथे ते एकांतवासात राहिले. पुढे त्यांच्याभोवती शिष्य जमले आणि तेथे मोठा मठ उभा राहिला. परंपरेनुसार इ. स. ६१८ मध्ये त्यांचे निधन झाले. उपवासकाळात हात पसरून प्रार्थना करीत असता कस्तूर जातीच्या पक्षिणीने त्यांच्या तळहातावर अंडी घातली आणि पिले बाहेर येईपर्यंत त्यांनी हात हलविला नाही, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या प्राचीन भक्तीला पोप दहावे पायस यांनी १९०३ साली मान्यता दिली.

दुर्मिळ नावाचा प्रसार

विसाव्या शतकापूर्वी आयर्लंडबाहेर हे नाव क्वचितच आढळत असे. पुढे स्थलांतरित आयरिश कुटुंबांबरोबर ते अमेरिकेत व इंग्लंडमध्ये रुजले. १९९० साली आलेल्या 'होम अलोन' या चित्रपटातील लहानग्या नायकाचे नाव केविन होते. १९९१ साली जर्मनीत मुलांच्या नावांत केविनचा पहिला क्रमांक लागला. परंतु लाट ओसरताच तेथे त्याच नावाची थट्टा होऊ लागली. केवळ फॅशन म्हणून घेतलेले नाव फॅशनबरोबरच जुने होते, हा त्यातील धडा होय.

आपल्या भागातील नावे

तारापूरचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. त्या काळातील पेद्रू, जुजे, इनास ही नावे आपल्या वाडवडिलांनी पुढेही जपली. इंग्रजी अमदानीत त्यांच्या जोडीला पीटर, जोसेफ, पॅट्रिक आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर अनेक घरांत मराठी नावेही आनंदाने ठेवली जाऊ लागली. १९६९ साली तारापूर अणुविद्युत केंद्र सुरू झाले, बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून ख्रिस्ती कुटुंबे येथे आली. गोवा, मंगळूर, केरळ वा वसई, कोठलेही मूळ असो, 'केविन' हे तीन अक्षरांचे व सुटसुटीत नाव सर्वांच्या जिभेवर सहज बसते. त्याच्या लोकप्रियतेचे हे एक कारण असावे, असे आम्हांस वाटते.

ख्रिस्तसभेची शिकवण

१९१७ च्या धर्मविधानानुसार बाप्तिस्म्यात ख्रिस्ती नाव देणे अपेक्षित होते. पालकांनी तसे न केल्यास धर्मगुरू संताचे नाव जोडीत. १९८३ च्या धर्मविधानातील ८५५ वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेस विसंगत असे नाव देऊ नये; याची काळजी आईवडील, धर्ममातापिता व धर्मगुरू यांनी घ्यावी. त्यामुळे मराठी नावालाही अडचण नाही आणि केविनला तर मुळीच नाही.

पालकांना विनंती

संत केविन यांचा सण ३ जून रोजी येतो. त्याच दिवशी सार्वत्रिक दिनदर्शिकेत संत चार्ल्स लुवांगा आणि सोबती हुतात्म्यांचे स्मरण असल्याने मिस्सामध्ये केविन यांचे नाव सहसा कानी पडत नाही. म्हणूनच ही ओळख घरातूनच व्हावयास हवी. त्या दिवशी घरातील केविनला पक्षिणीची गोष्ट सांगावी आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी. दुर्बल जिवासाठी हात पसरून धीराने थांबणारा संत आपला आश्रयदाता आहे, हे ज्या मुलाला ठाऊक असेल, त्याच्यासाठी ते नाव केवळ हाक मारण्यापुरते राहणार नाही.