लग्नाची छायाचित्रे : प्रकाश आधी, भिंग नंतर

तुळशीचे लग्न लागले, की लग्नसराईला आरंभ होतो आणि छायाचित्रकाराच्या दारी गर्दी होऊ लागते. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो, तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. तो हुकला, तर पुन्हा मिळत नाही. म्हणूनच कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा प्रकाश आणि भिंग यांची निवड अधिक महत्त्वाची ठरते.

भाईंदर पूर्वेकडील खारी, गोडदेव, नवघर ही मूळची गावे. आता तेथे इमारती दाटल्या आहेत. तरीही आगरी घरातील हळद रात्री दारातल्या मंडपात रंगते आणि लग्न अनेकदा वातानुकूलित सभागृहात लागते. एकाच कार्यात प्रकाशाचे असे दोन निराळे प्रकार हाताळावे लागतात.

हळदीची रात्र

मंडपातील पिवळे वा भगवे कापड, अंगाला लावलेली हळद आणि पिवळसर दिवे यांमुळे साऱ्या चित्रावर एकच छटा पसरते. कॅमेऱ्याची स्वयंचलित 'व्हाइट बॅलन्स' यंत्रणा ही छटा दोष समजून पुसू पाहते, आणि हळदच फिकी दिसू लागते. यासाठी मंडपातील प्रकाशात पांढरा कागद धरून रंगसंतुलन हाताने निश्चित करावे व चित्रे 'रॉ' स्वरूपात घ्यावीत. हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३२०० केल्विनचा, तर फ्लॅशचा सुमारे ५५०० केल्विनचा असतो. दोन्ही एकत्र येताच चेहरा निळसर व पार्श्वभूमी नारिंगी दिसते. फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन लावल्यास हा भेद मिटतो. 'डीजे'चे लाल-निळे दिवे मात्र कातडीचा रंगच गिळून टाकतात. विधी चालू असेतो ते बंद ठेवण्याची विनंती यजमानांमार्फत आधीच करावी.

फ्लॅश कसा वापरावा?

पांढरे व फार उंच नसलेले छत असेल, तर फ्लॅश वर वळवून परावर्तित प्रकाश घ्यावा. सावल्या मृदू होतात. रंगीत कापडी छताखाली मात्र हा उपाय अंगाशी येतो, कारण परावर्तित प्रकाश कापडाचा रंग घेऊन उतरतो. तेथे बाजूला स्टँडवर छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावणे हितावह. अंतर दुप्पट झाले, की प्रकाश एक-चतुर्थांश उरतो, हा नियम विसरू नये. तीन रांगांच्या समूहचित्रात दिवा जवळ असेल, तर पुढची रांग पांढरीफटक व मागची काळोखी येते. दिवा मागे व उंचावर न्यावा. होमाच्या वेळी समोरून मारलेला फ्लॅश धुरावरून परततो आणि चित्रावर पांढरा पडदा येतो. त्या वेळी प्रकाश बाजूने द्यावा.

चलचित्रणासाठी वापरला जाणारा 'सनगन' अतिशय तापतो. तो शालू व मंडपाच्या कापडापासून दूर हवा. आता त्याची जागा एलईडीने घेतली आहे; पण हलक्या प्रतीचे एलईडी दिवे वीजप्रवाहाबरोबर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. चित्रात आडवे पट्टे दिसल्यास शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणावे.

भिंगांची निवड

कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८-५५ मिमीचे भिंग लांबच्या टोकाला एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. एफ/१.८ चे भिंग त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. त्यामुळे नवोदिताने पहिली भर ५० मिमी एफ/१.८ या स्वस्त भिंगाची घालावी. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ते सुमारे ७५-८० मिमीसारखे काम देते, म्हणजे चेहऱ्यासाठी उत्तम. व्यावसायिकाने २४-७० मिमी व ७०-२०० मिमी, दोन्ही एफ/२.८, अशी जोडी ठेवावी. पहिले मंडपातील गर्दीसाठी. दुसरे कन्यादानाच्या वेळी आईच्या डोळ्यांतील पाणी दुरून, तिला अवघडून न टाकता टिपण्यासाठी.

मोठे छिद्र वापरताना मात्र सावध असावे. एफ/१.८ वर वधू स्पष्ट आणि वर पुसट, असे सहज होते. दोघांसाठी एफ/४, समूहासाठी एफ/५.६ ते एफ/८ ठेवावे. २४ मिमीवर कडेचे चेहरे ताणले जातात, तेव्हा वडीलधाऱ्यांना कडेला उभे करू नये. अंतरपाटाच्या वेळी वधूवर समोरासमोर असतात; जागा अंतरपाटाच्या टोकाशी धरावी. फोकस आधीच साधून स्थिर करावा, नाहीतर कॅमेरा अक्षतांच्या दाण्यांवर फोकस करतो.

दमट हवेची काळजी

खाडीकाठच्या दमट हवेत भिंगाला बुरशी लवकर लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह भिंगे ठेवावीत. थंड सभागृहातून वरातीसाठी बाहेर पडताच काचेवर बाष्प धरते. म्हणून कॅमेरा पिशवीत बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर न्यावा.

आदल्या दिवशी, मुहूर्ताच्याच वेळी, कार्यस्थळी एक फेरी मारून छत, दिवे व उभे राहण्याची जागा पाहून घ्यावी. या फेरीला खर्च नाही, पण दुसऱ्या दिवशी निम्म्या अडचणी तिच्यामुळेच टळतात.