लपण आणि आमिष

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉटांच्या कुंपणांमध्ये जो थोडा माळ उरला आहे, तिथल्या विजेच्या तारांवर कापशी घार दिसते. अंग पांढुरके राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. हवेत एका जागी पंख फडफडवत ती थांबते, टप्प्याटप्प्याने खाली येते आणि शेवटी पंख वर उचलून गवतात पाय टाकते. उंदीर मिळालाच तर तो खांबावर आणायचा, पंजाखाली दाबायचा आणि चोचीने लचके तोडायचे, असा तिचा क्रम. याचे छायाचित्र घेणारा माणूस बहुधा मोटारीतच बसलेला असतो: काच खाली, दारावर तांदळाची पिशवी, तिच्यावर लांब पल्ल्याची लेन्स आणि इंजिन बंद, कारण त्याच्या थरथरीने चित्र हलते. दार उघडून पाय बाहेर टाकला की पक्षी उडतो. उभ्या गाडीची मात्र त्याला फिकीर नसते. टेल्कोपासून फोक्सवॅगनपर्यंतच्या कारखान्यांनी या पट्ट्यातला माळ गिळला आणि उरलेल्या माळावरच्या पक्ष्यांसाठी सर्वांत सोयीचे लपणही त्यांनीच पुरवले, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

या लपणाचे कूळ शिकारीत आहे. महाराष्ट्रातले फासेपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून चालत सावजाजवळ जात आणि फासे मांडत. चरणाऱ्या गुराला बिचकण्याचे हरणाला किंवा तित्तिराला कारण नसते. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी केर्टन या भावांनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांनी भरलेले पुस्तक काढले आणि पुढे एक पोकळ बैलच करवून घेतला. कातड्याच्या आत माणूस आणि कॅमेरा. एकदा तो बैल आतल्या माणसासकट उलथला आणि पाय वर करून पडला, याचेही छायाचित्र आहे. पारध्याची गाय जिवंत होती, केर्टनांचा बैल कातड्याचा, चाकणची गाडी पत्र्याची, युक्ती एकच. पण शिकाऱ्याच्या घरून लपण एकटे आले नाही. मचाणाखाली रेडा बांधायची रीत होती, ती आमिषाची बाजूही सोबत आली. बंदूक गेली, तरी या दोन गोष्टी कॅमेऱ्याच्या वाट्याला आल्या. माझे म्हणणे एवढेच, की या वारशातले लपण ठेवावे आणि आमिष टाकून द्यावे.

आमिषाची गरज लगेच पडली नव्हती. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ चे. जनावराचा पाय वाटेवरच्या तारेला लागून झगमगाट उडावा, ही त्यांची पद्धत. पक्ष्यांच्या बाबतीत सोपी जागा म्हणजे घरटे, कारण तिथे पक्ष्याला परत यावेच लागते. सालिम अलींचे स्नेही लोक वान थो यांच्यासारख्यांनी भारतात जे काम केले, ते अवजड कॅमेऱ्यांच्या काळातले होते आणि त्यात घरट्यालगतच्या लपणाला मोठे स्थान होते. त्यामुळे शिकारी पक्षी खाताना दिसायचा तो बहुतेक पिलांना भरवताना. पुढे घरट्याजवळ जाण्याने अंडी-पिले मरतात हे लोकांना पटत गेले, घरट्यावरची छायाचित्रे अनेक मंडळांनी आणि स्पर्धांनी नाकारली आणि त्याच सुमारास पल्लेदार लेन्स हौशी माणसाच्या हाती आली. घरट्याचे दार बंद झाल्यावर पक्ष्याला ठरावीक जागी आणायचा दुसरा उपाय उरला, तो म्हणजे खाद्य. आमिषाची लाट या अर्थाने एका चांगल्या बंदीची अनौरस संतती आहे.

लपण माणसाला झाकते. पक्ष्याने कुठे बसायचे, काय मारायचे, हा निर्णय पक्ष्याकडेच राहतो. आमिष तोच निर्णय काढून घेते. रस्त्याकडेला सोडलेल्या उंदरावर घार झेपावते, तेव्हा ती चाकण-तळेगाव रस्त्यासारख्या ट्रकांच्या वाहतुकीलगत उतरायला शिकते. शिवाय छायाचित्रात जी शिकार दिसते ती त्या जागी एरवी घडलीच नसती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर शिकारीच्या व्याख्येतच फासे, सापळे यांच्या रांगेत आमिष दाखवणे बसवले आहे, आणि तसा प्रयत्न करणेही. कायदा लिहिणाऱ्यांना हे कूळ ठाऊक होते, असेच म्हणावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा, की अभ्यासकही आमिष वापरतात. खरे आहे. भारतातल्या बाजदारांचा बालछत्री नावाचा सापळा, आत जिवंत उंदीर आणि जाळीवर केसांचे फास, बर्गर आणि म्युलर यांनी १९५९ साली पाश्चात्त्य अभ्यासकांपुढे मांडला आणि पक्ष्यांच्या पायात कडी घालण्यासाठी तो जगभर वापरला जातो. पण तिथे परवानगी लागते, पक्षी मोजला जातो, त्याची नोंद राहते. हौशी माणसाच्या मेमरी कार्डाला यातले काहीच लागत नाही. दुसरा आक्षेप मोशीचा: महापालिकेच्या कचरा डेपोवर साध्या घारी आपल्याच उष्ट्यावर जगतात, मग मूठभर मांस टाकल्याने काय बिघडले? उलट मोशीमुळे माझी बाजू बळकट होते. ही साधी घार छोटा तुकडा उडता उडता पायातून चोचीत घेऊन खाते, आणि ते चित्र कुणी काही न टाकता तिथे मिळते. कचऱ्याचा प्रश्न आहेच, पण तो पालिकेचा आणि आपल्या डब्यांचा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: गिधाडांसाठी मेलेली गुरे मांडली जातात, त्याचे काय? डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली उघड झाले; २००६ मध्ये भारताने हे औषध जनावरांसाठी बंद केले, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली होती. औषधमुक्त मांस ठरावीक जागी मांडायचे, ही कल्पना रायगडातल्या फणसाडसारख्या ठिकाणी आली ती या दुखण्यामुळे. दक्षिण आफ्रिकेत जायंट्स कॅसल इथे असे खाद्य १९६० च्या दशकापासून घातले जाते, आणि तिथले लपण आता छायाचित्रकारांना पैसे घेऊन देतात. ही आमिषाचीच सभ्य आवृत्ती, असे कुणी म्हणेल. कसोटी साधी आहे: कॅमेरा उचलून नेला, तर मांस तिथे मांडले जाईल का? फणसाडमध्ये मांडले जाईल, कारण ते गिधाडासाठी आहे. चाकणच्या रस्त्यावरचा उंदीर मात्र लेन्स पिशवीत गेली की कुणीच सोडणार नाही.